काळ उलटा का धावत नाही? लुडविग बोल्ट्झमन यांचं आयुष्य आणि एक समीकरण

ग्रहांच्या भ्रमणाचं साधं सिम्युलेशन तुम्ही कधी लिहिलं असेल, तर एक गंमत करून बघा. प्रत्येक स्टेपला काळ जेवढा पुढे सरकतो, त्या आकड्याच्या आधी उणे चिन्ह टाका. प्रोग्राम अडखळत नाही, एरर देत नाही. पृथ्वी निमूटपणे सूर्याभोवती उलट्या दिशेने फिरायला लागते आणि, राउंडिंगच्या बारीक चुका सोडल्या तर, जिथून निघाली होती तिथे परत येते. न्यूटनच्या समीकरणांना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

आता चहात दूध ओता. दोन सेकंदांत सगळं एकजीव होतं. हे दूध पुन्हा वेगळं होऊन भांड्यात परत गेलेलं कुणी पाहिलं आहे का? चहा आणि दूध ज्या रेणूंचे बनले आहेत, तेही ग्रहांसारखेच गतीचे नियम पाळतात. मग ग्रहांना मागे जाता येतं आणि चहाला का येत नाही?

विज्ञानातल्या अतिशय अवघड प्रश्नांपैकी हा एक. त्याचं पहिलं खरं उत्तर ऑस्ट्रियाच्या लुडविग बोल्ट्झमन यांनी दिलं. आजच्या लेखात त्यांचं आयुष्य आणि ते उत्तर, दोन्ही समजून घेऊया. दोन्ही एकत्रच सांगावं लागतं, कारण या उत्तरासाठी त्यांना जवळजवळ ३० वर्षं भांडावं लागलं.

समीकरणातला काळ : दोन प्रकार

आधी थोडी पार्श्वभूमी. समीकरणात काळ साधारणपणे 'टी' या अक्षराने येतो. न्यूटनचा नियम म्हणजे बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. त्वरण काढताना अंतराला काळाने दोनदा भागल्यासारखं होतं. म्हणजे 'टी' च्या जागी उणे 'टी' टाकला, तर उणे गुणिले उणे अधिक होतं आणि समीकरण जसंच्या तसं राहतं. या समीकरणाला काल आणि उद्या यांतला फरक कळतच नाही.

दुसऱ्या प्रकारचं समीकरण फ्रान्सच्या फूरिए यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. ते उष्णता कशी पसरते ते सांगतं. त्यात काळाने एकदाच भागलेलं असतं. तिथे उणे 'टी' टाकला, तर समीकरणच बदलतं. उष्णता गरम टोकाकडून थंड टोकाकडे जाते, उलट जात नाही, हे त्यात लिहिलेलंच आहे.

पुढे १८५० मध्ये जर्मनीच्या क्लॉसियस यांनी हीच गोष्ट नियम म्हणून मांडली : उष्णता आपणहून थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही. १८६५ मध्ये त्यांनी त्यासाठी एक राशी ठरवली आणि तिला एन्ट्रॉपी असं नाव दिलं. बंदिस्त व्यवस्थेची एन्ट्रॉपी कधी कमी होत नाही, हा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम.

म्हणजे १९व्या शतकाच्या मध्यावर भौतिकशास्त्राच्या एकाच घरात दोन प्रकारची घड्याळं होती. एक दोन्हीकडे फिरणारं, एक फक्त पुढे जाणारं. आणि उष्णता म्हणजे रेणूंची हालचाल असेल, तर दुसरं घड्याळ पहिल्यापासूनच बनलेलं असायला हवं. ते कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

बालपण आणि शिक्षण

लुडविग बोल्ट्झमन यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी व्हिएन्नात झाला. कार्निव्हलचा जल्लोष संपून उपवासाचा बुधवार सुरू होतो, त्या रात्रीचा हा जन्म. आपला स्वभाव घटकेत आनंदी आणि घटकेत उदास का, याचं कारण ते पुढे गमतीने हेच सांगायचे. वडील कर खात्यात अधिकारी होते. कुटुंब वेल्स आणि मग लिंझ या गावी राहिलं. लिंझमध्ये लहानग्या लुडविगला काही काळ पियानो शिकवला तो आंतोन ब्रुकनर यांनी. हेच ब्रुकनर पुढे मोठे संगीतकार म्हणून गाजले. बोल्ट्झमन यांनी पियानो आयुष्यभर सोडला नाही.

ते १५ वर्षांचे असताना वडील वारले. आईने उरलेला पैसा मुलाच्या शिक्षणाला लावला. १८६३ मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाले आणि १८६६ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

तिथे त्यांना दोन माणसं भेटली. पहिले योसेफ स्टेफान. त्यांनी या विद्यार्थ्याच्या हातात ब्रिटनच्या मॅक्सवेल यांचे शोधनिबंध ठेवले आणि सोबत इंग्रजी व्याकरणाचं पुस्तकही दिलं, कारण बोल्ट्झमन यांना तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. दुसरे योसेफ लोश्मिट. हवेतल्या रेणूचा आकार साधारण केवढा असेल, याचा अंदाज त्यांनी १८६५ मध्ये बांधला होता. या लोश्मिट यांना लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहेत.

मॅक्सवेल यांनी एक वेगळाच विचार केला होता. वायूतल्या प्रत्येक रेणूचा वेग आपण मोजू शकत नाही, पण किती रेणू कोणत्या वेगाचे असतील याची टक्केवारी तर काढता येईल. जनगणनेसारखंच हे. १८६८ मध्ये बोल्ट्झमन यांनी हा विचार आणखी पुढे नेला. कोणत्याही ऊर्जेच्या अवस्थेत रेणू सापडण्याची शक्यता त्या ऊर्जेवर आणि तापमानावर कशी अवलंबून असते, याचं सूत्र त्यांनी दिलं. ऊर्जा जितकी जास्त, तितकी शक्यता झपाट्याने कमी. तापमान वाढवलं, की हा फरक सौम्य होतो. शेवटाकडे आपण या सूत्राकडे परत येणार आहोत.

१८६९ मध्ये, अवघ्या २५ व्या वर्षी, ते ग्राझ विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१८७२ : पुढेच जाणारं समीकरण

१८७२ मध्ये त्यांनी जो निबंध लिहिला, त्यात आज बोल्ट्झमन समीकरण म्हणून ओळखलं जाणारं समीकरण आहे. वायूचे रेणू एकमेकांवर आपटतात, वेग बदलतात आणि त्यामुळे वेगांची टक्केवारी काळाबरोबर कशी बदलत जाते, हे ते सांगतं.

त्यातून त्यांनी एक राशी काढली. पुढे तिला 'एच' हे नाव पडलं. त्यांनी दाखवलं, की टकरा होत राहिल्या तर 'एच' कमी होत जाते किंवा स्थिर राहते, वाढत मात्र नाही. तिचं चिन्ह उलटं केलं, की ती एन्ट्रॉपीसारखी वागते. म्हणजे दुसरा नियम थेट रेणूंच्या टकरांमधून सिद्ध झाला! दोन्हीकडे फिरणाऱ्या घड्याळातून एकाच दिशेचं घड्याळ तयार झालं, असं वाटावं इतकं हे सुरेख होतं.

पण यात एक गोष्ट दडली होती. टक्कर होण्याआधी दोन रेणूंच्या वेगांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ऐकायला अगदी साधं. पण नीट बघा : टक्कर होण्याआधी रेणू एकमेकांना अनोळखी, टक्कर झाल्यावर मात्र ओळखीचे. आधी आणि नंतर यांत फरक इथेच केला गेला. काळाची दिशा न्यूटनच्या नियमांतून आलीच नव्हती. ती या गृहीतकाच्या दाराने गुपचूप आत शिरली होती.

मित्राची हरकत

१८७६ मध्ये लोश्मिट यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. मोठे भाऊ शोभतील असे ते मित्र, पण शास्त्रात मुलाहिजा नाही. ब्रिटनच्या विल्यम थॉमसन यांनीही असाच मुद्दा आधी मांडला होता.

हरकत अशी. समजा एका डब्यात वायू पसरतो आहे आणि एन्ट्रॉपी वाढते आहे. एका क्षणी सगळं थांबवा आणि प्रत्येक रेणूचा वेग बरोबर उलटा करा. न्यूटनच्या नियमांप्रमाणे प्रत्येक रेणू आपल्याच वाटेने माघारी जाईल आणि वायू परत कोपऱ्यात गोळा होईल. म्हणजे एन्ट्रॉपी कमी होईल. ही हालचालही नियमात बसणारीच आहे. मग एन्ट्रॉपी नेहमी वाढतेच, हे गतीच्या नियमांवरून सिद्ध कसं होणार? पुढे जाणाऱ्या प्रत्येक प्रवासाला मागे येणारा एक जोडीदार आहेच ना.

ही हरकत खोडून काढण्यासारखी नव्हती. ती बरोबरच होती. बोल्ट्झमन यांचं मोठेपण असं, की त्यांनी ती टाळली नाही. आपला दावा त्यांनी तपासला आणि बदलला. एन्ट्रॉपी नेहमीच वाढते, याऐवजी आता विधान असं झालं : एन्ट्रॉपी जवळजवळ नेहमीच वाढते. या 'जवळजवळ' चा नेमका अर्थ काय, हे सांगणारे त्यांचे १८७७ चे निबंध म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं सर्वात महत्त्वाचं काम.

एन्ट्रॉपी म्हणजे मोजणी

हे समजायला आपल्या क्षेत्रातलं एक उदाहरण घेऊ. सर्व्हरच्या डॅशबोर्डवर दिसतं, की ४० टक्के मेमरी वापरात आहे. हे झालं वरवरचं चित्र. पण त्या क्षणी मेमरीतला प्रत्येक बिट शून्य आहे की एक, याची पूर्ण नोंद काढली तर ते झालं आतलं खरं चित्र. डॅशबोर्डवर ४० टक्केच दिसेल अशा आतल्या नोंदी एक-दोन नाहीत, अगणित असू शकतात.

वायूचंही तसंच. तापमान, दाब आणि आकारमान म्हणजे डॅशबोर्ड. प्रत्येक रेणूची जागा आणि वेग म्हणजे आतली नोंद. एका डॅशबोर्डमागे किती वेगवेगळ्या आतल्या नोंदी शक्य आहेत, त्या संख्येला म्हणायचं 'डब्ल्यू'. बोल्ट्झमन यांनी सांगितलं, की एन्ट्रॉपी म्हणजे या 'डब्ल्यू' चा लॉगॅरिदम.

लॉगॅरिदम कशाला? चार अंकी पिनच्या शक्यता १०,०००. अशी दोन कुलुपं असतील, तर शक्यतांचा गुणाकार होतो : १० कोटी. पण दोन डबे शेजारी ठेवले, तर त्यांच्या एन्ट्रॉपीची बेरीज होते, गुणाकार नाही. गुणाकाराची बेरीज करून देणारं गणितातलं हत्यार म्हणजे लॉगॅरिदम. १०,००० चा लॉग ४, १० कोटींचा ८.

आता मोजून बघू. डब्याचे दोन भाग करा, डावा आणि उजवा. आत चार रेणू आहेत. प्रत्येक रेणू डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणजे एकूण १६ रचना. चारही डावीकडे असण्याची रचना एकच. दोन-दोन असण्याच्या मात्र सहा. फरक फार मोठा नाही. चार रेणूंचा वायू अधूनमधून कोपऱ्यात गोळा होईल, आणि काळ उलटा गेला असं कुणी म्हणणारही नाही.

आता १०० रेणू घ्या. सगळे डावीकडे असण्याची रचना अजूनही एकच. ५०-५० असण्याच्या रचना मात्र एकावर २९ शून्यं इतक्या! एकूण रचना एकावर ३० शून्यांपेक्षा थोड्या जास्त. दर सेकंदाला एक नवी रचना तयार होते असं धरलं, तर सगळे १०० रेणू डावीकडे दिसायला सरासरी जो वेळ लागेल, तो विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयाच्या साधारण तीन लाख कोटी पट आहे. आणि हे फक्त १०० रेणूंचं झालं. एक घन सेंटिमीटर हवेत साधारण २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात.

तर दूध चहातून वेगळं होऊ नये असा कुठलाही नियम नाही. मिसळलेल्या अवस्थेच्या रचना इतक्या प्रचंड आहेत, की वेगळी होण्याची वाट सापडणं व्यवहारात अशक्य. लोश्मिट म्हणत होते तो उलटा प्रवास खरोखर अस्तित्वात आहे, पण तो समुद्रातल्या एका थेंबासारखा आहे. काळाची दिशा समीकरणात लिहिलेली नाही. ती मोजणीतून येते.

या मोजणीच्या सोयीसाठी बोल्ट्झमन यांनी एक युक्ती केली होती. ऊर्जा अखंड नसून लहान-लहान ठरावीक तुकड्यांची आहे, असं त्यांनी तात्पुरतं मानलं. हे तुकडे पुढे फार मोठं काम करणार होते.

ग्राझ, घर आणि गाय

मधल्या काळात बोल्ट्झमन यांचं वैयक्तिक आयुष्यही बदललं होतं. ग्राझमध्ये त्यांची ओळख हेन्रिएट फॉन आयगेंटलर यांच्याशी झाली. हेन्रिएट यांना विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण तेव्हा स्त्रियांना तिथे प्रवेश नव्हता. वर्गात बसण्याची मिळालेली परवानगीही पुढे नाकारण्यात आली, तेव्हा बोल्ट्झमन यांनी त्यांना त्याविरुद्ध दाद मागायचा सल्ला दिला. १८७६ मध्ये दोघांचं लग्न झालं. तीन मुली आणि दोन मुलगे झाले.

ग्राझची १४ वर्षं बहुधा त्यांच्या आयुष्यातली सर्वात सुखाची. गावाजवळ त्यांनी शेतघर घेतलं होतं. मुलांना ताजं दूध मिळावं म्हणून त्यांनी बाजारातून गाय विकत घेतली, ती स्वतः रस्त्याने हाकत आणली आणि मग दूध कसं काढायचं हे विचारायला ते प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले, असा किस्सा सांगितला जातो. कामही जोरात होतं. गरम वस्तूतून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, असं स्टेफान यांनी प्रयोगांच्या आकड्यांवरून सांगितलं होतं. १८८४ मध्ये बोल्ट्झमन यांनी ते गणिताने सिद्ध केलं.

मग एकामागून एक आघात झाले. १८८५ मध्ये आई गेली. १८८८ मध्ये बर्लिनहून मानाच्या पदाचं बोलावणं आलं. त्यांनी ते स्वीकारलं आणि मग घालमेल होऊन नाकारलं. १८८९ मध्ये ११ वर्षांचा थोरला मुलगा अपेंडिक्सच्या आजाराने दगावला. उदासीचे झटके इथून वाढत गेले. ते १८९० मध्ये म्युनिकला गेले आणि १८९४ मध्ये स्टेफान यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर व्हिएन्नात परतले.

अणू आहेतच कशावरून?

हे सगळं उत्तर ज्या पायावर उभं होतं, तो पाया म्हणजे अणू आणि रेणू. मोजायला वस्तूच नसेल, तर मोजणी कशाची करणार? आणि १८९० च्या दशकात अनेक मोठे शास्त्रज्ञ अणू मानायला तयार नव्हते. अर्न्स्ट माख १८९५ मध्ये व्हिएन्नातच प्राध्यापक म्हणून आले. जे इंद्रियांना जाणवत नाही, ते खरं मानू नये, अशी त्यांची भूमिका होती. अणू ही त्यांच्या मते फार तर सोयीची कल्पना. जर्मनीचे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड तर म्हणायचे, की जगात खरी आहे ती ऊर्जा, अणूंची गरजच नाही.

१८९५ मध्ये ल्युबेक इथल्या परिषदेत ओस्टवाल्ड आणि बोल्ट्झमन समोरासमोर आले. तरुण सोमरफेल्ड तिथे हजर होते. पुढे त्यांनी या वादाची तुलना बैलाच्या झुंजीशी केली आणि या वेळी बैलच जिंकला असं सांगितलं. बैल म्हणजे अर्थातच धिप्पाड, दाढीवाले बोल्ट्झमन. गंमत अशी, की ओस्टवाल्ड आणि ते एकमेकांचे चांगले मित्र होते.

१८९६ मध्ये आणखी एक हरकत आली, ती मॅक्स प्लांक यांचे तरुण सहायक झेर्मेलो यांच्याकडून. फ्रान्सच्या प्वांकारे यांनी १८९० मध्ये सिद्ध केलं होतं, की मर्यादित जागेत फिरणारी यांत्रिक व्यवस्था पुरेसा काळ गेल्यावर आपल्या सुरुवातीच्या अवस्थेच्या अगदी जवळ परत येते. मग एन्ट्रॉपीही परत खाली यायलाच हवी. बोल्ट्झमन यांनी प्रमेय मान्य केलं, पण वायूच्या लहानशा नमुन्याला असं परत यायला किती वेळ लागेल याचा हिशोब मांडला. तो आकडा इतका अफाट आहे, की आपण वर केलेला १०० रेणूंचा हिशोब त्यापुढे किरकोळ वाटतो.

याच वादात त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली. कदाचित संपूर्ण विश्वाला काळाची दिशा नसेलच. विश्वाचा बहुतेक भाग समतोलात असेल आणि मधेच कुठेतरी आपल्यासारखा कमी एन्ट्रॉपीचा प्रदेश असेल. तिथले जीव ज्या बाजूला एन्ट्रॉपी कमी, त्या बाजूला भूतकाळ म्हणतील. जसं पृथ्वीवर आपण केंद्राकडच्या दिशेला खाली म्हणतो, पण अवकाशात वर-खाली असं काही नसतं, तसंच हे.

वायूंवरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८९६ मध्ये आणि दुसरा १८९८ मध्ये आला. दुसऱ्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलं, की हा सिद्धांत सध्या मागे पडला असला तरी तो पुन्हा उभा राहील, तेव्हा सगळं नव्याने शोधावं लागू नये म्हणून हा खटाटोप. आपण प्रवाहाविरुद्ध एकटेच पोहतो आहोत, असं त्यांना वाटू लागलं होतं.

शेवटची वर्षं

व्हिएन्नात मन रमेना म्हणून १९०० मध्ये ते ओस्टवाल्ड यांच्याच लाइपझिगला गेले. तिथेही तब्येत ढासळली. १९०२ मध्ये ते पुन्हा व्हिएन्नात आले. १९०३ पासून माख यांच्या जागी तत्त्वज्ञानाची व्याख्यानंही देऊ लागले, आणि सुरुवातीला त्यांना तुडुंब गर्दी झाली. ते फार उत्तम शिकवायचे. अणुविखंडनाचा अर्थ लावणाऱ्या लिझ माइट्नर आणि पॉल एहरेनफेस्ट ही त्यांच्या वर्गातली दोन नावं.

१९०५ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत त्यांनी व्याख्यानं दिली आणि त्या प्रवासावर एक खुसखुशीत लेख लिहिला. बर्कलीत दारूबंदी असल्यामुळे वाइन मिळवायला काय काय करावं लागलं, याचं वर्णन त्यात आहे. हा लेख लिहिणारा माणूस आतून किती थकला होता, याची कल्पना येत नाही. डोळे अधू झाले होते, दम्याचा त्रास होता, आणि नैराश्य पाठ सोडत नव्हतं.

५ सप्टेंबर १९०६ रोजी त्रिएस्तेजवळच्या डुइनो या गावी, कुटुंबासोबत सुट्टीवर असताना, त्यांनी आत्महत्या केली. वय ६२. विरोधकांनी अणू नाकारला म्हणून त्यांनी जीव दिला, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं दिसतं. पण माणसाच्या दीर्घ आजाराचं असं एका ओळीत कारण देणं बरोबर नाही. शास्त्रातले वाद होतेच, पण आजारही तितकाच खरा होता. नैराश्याला त्या काळात नीट नाव नव्हतं आणि आजच्यासारखे उपचारही नव्हते.

मन चटका लावून जातं ते वेगळ्याच गोष्टीने. आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये, आइन्स्टाइन यांचा एक निबंध छापून आला होता. पाण्यातले बारीक कण सतत थरथरत का असतात, याचं रेणूंच्या धक्क्यांवरून केलेलं गणित त्यात होतं. ते गणित बोल्ट्झमन यांच्याच वाटेवरचं होतं. १९०८ पासून पॅरिसमध्ये जाँ पेरां यांनी प्रयोग करून ते पडताळून पाहिलं. त्यानंतर खुद्द ओस्टवाल्ड यांनीही अणू मान्य केले. डुइनोनंतर हे व्हायला तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत.

समीकरणाचा पुढचा प्रवास

१९०० मध्ये प्लांक यांनी उष्ण वस्तूच्या प्रकाशाचं कोडं सोडवलं. एकेकाळी दुसरा नियम निरपवाद आहे असं मानणाऱ्या प्लांक यांना शेवटी बोल्ट्झमन यांचीच मोजणी आणि तेच ऊर्जेचे तुकडे वापरावे लागले. फरक इतकाच, की या वेळी तुकडे खरे निघाले आणि क्वांटम सिद्धांताची सुरुवात झाली. एन्ट्रॉपी बरोबर 'के' लॉग 'डब्ल्यू' या रूपात समीकरण लिहिलं तेही प्लांक यांनी, आणि 'के' हा स्थिरांकही त्यांनीच आणला. व्हिएन्नाच्या कबरस्तानात बोल्ट्झमन यांच्या पुतळ्याच्या वर तेच समीकरण कोरलेलं आहे.

१९२४ मध्ये ढाक्यातून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकण मोजायची नवी पद्धत दिली. तीही याच 'डब्ल्यू' ची मोजणी, फक्त कण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत असं धरून केलेली.

आणि आज? आपल्या रोजच्या कामातही बोल्ट्झमन आहेत :

• शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजायला जे सूत्र दिलं, त्याचा साचा 'एच' राशीचाच आहे. फाइल झिप करताना किती लहान होऊ शकेल याची मर्यादा त्यातून ठरते.

• आयबीएममधल्या लँडावर यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की एक बिट पुसायला किमान काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात घालवावीच लागते. ती 'के' आणि तापमानावर ठरते. डिलीट ही मागे न फिरणारी क्रिया आहे, आणि तिची किंमत निसर्ग वसूल करतो.

• एआय चॅटबॉटमध्ये टेम्परेचर नावाची सेटिंग असते ना? पुढचा शब्द निवडताना वापरलं जाणारं सूत्र म्हणजे १८६८ चं तेच शक्यतेचं सूत्र. टेम्परेचर कमी ठेवलं, तर मॉडेल सर्वात संभाव्य शब्दालाच चिकटून राहतं, वाढवलं तर भटकतं. १९८५ मध्ये हिंटन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या न्यूरल नेटवर्कचं नावच बोल्ट्झमन मशीन आहे. हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा आहे.

• २० मे २०१९ पासून तापमानाचं एकक, केल्विन, हेच मुळी बोल्ट्झमन स्थिरांकाची किंमत कायमची ठरवून दिलेलं आहे.

एक प्रश्न अजून बाकी आहे

मग काळाचं कोडं सुटलं का? अर्धं.

बोल्ट्झमन यांची मोजणी सांगते, की आत्ता एन्ट्रॉपी कमी असेल तर उद्या ती जास्त असेल. पण तीच मोजणी भूतकाळाकडे तोंड करून केली, तर कालही ती जास्त असायला हवी, कारण मोजणीलाही पुढे-मागे कळत नाही! प्रत्यक्षात काल ती कमी होती. म्हणजे सुरुवातीला ती फारच कमी असली पाहिजे. विश्वाचा जन्म इतक्या नीटनेटक्या अवस्थेत का झाला, याचं सर्वांना पटेल असं उत्तर आजही नाही. आपण समतोलातल्या विश्वाचा एक अपघाती कोपरा आहोत, ही बोल्ट्झमन यांची कल्पना आता टिकत नाही. अपघातच व्हायचा, तर इतक्या मोठ्या विश्वापेक्षा लहानसा अपघात कितीतरी जास्त संभाव्य आहे.

एडिंग्टन यांनी १९२८ च्या पुस्तकात या दिशेला काळाचा बाण म्हटलं आणि ते नाव रुळलं. फ्रेड हॉइल यांच्यासोबत १९६४ मध्ये आपल्या जयंत नारळीकर यांनी प्रकाशलहरींच्या बाणाचा संबंध विश्वाच्या प्रसरणाशी जोडायचा प्रयत्न केला. क्वांटम सिद्धांताचं मूळ समीकरण आणि आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणंही दोन्हीकडे चालणारीच निघाली. काही सूक्ष्म कणांच्या बाबतीत आधी आणि नंतर यांत किंचित फरक आढळतो, पण चहात दूध मिसळण्याशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे प्रश्न आता एकाच जागी येऊन थांबला आहे : सुरुवात अशी का होती? ही जागा नेमकी दाखवून दिली ती बोल्ट्झमन यांनी. तेही मित्राची अडचणीची हरकत मान्य करून, आणि आपल्या सर्वात लाडक्या सिद्धांतात 'नेहमी' खोडून 'जवळजवळ नेहमी' लिहून. तो एक शब्द त्यांनी घातला नसता, तर त्या समीकरणाला आज अर्थ राहिला नसता.